सांधणी

मंजिरी ढोकेचं आटलेलं दूध परत आलं होतं, आणि साऱ्या कक्षात ही गोष्ट फक्त मलाच विचित्र वाटली.

माझ्या ते लक्षात आलं कागदाच्या रिमा ठेवायच्या खोलीत. तिथं एक खुर्ची आहे, एक प्लग आहे आणि आतून लागणारी कडी आहे, म्हणून रोज अकराला आणि तीनला ती खोली माझी. पंप लावून बसलं की हात मोकळे राहतात. वीस मिनिटं. राही झाल्यापासून एवढाच काय तो माझा एकांत, आणि त्यातही मी मांडीवर टॅब्लेट घेऊन महिन्याची वाचनं उरकायचे.

त्या दिवशी दूध धड येत नव्हतं. राही अकरा महिन्यांची, वरणभाताला लागलेली. पाजणं दिवसातून तीनदावर आलं होतं. बाटलीत जेमतेम चार बोटं जमली. मन दुसरीकडे वळावं म्हणून मंजिरीच्या नोंदीतला असा एक रकाना उघडला, जो कुणीच उघडत नाही. प्रोलॅक्टिन. दूध तयार करवणारं संप्रेरक. म्हटलं, बघू तरी, हिचं कसं कसं आटत गेलं.

पहिले एकोणीस दिवस रेघ उतरत गेली होती. उतरायलाच हवी. बाळ वर्ध्याला आजीजवळ, आई समुद्रापलीकडे सेलुंगा बेटांवरच्या कोठडीत. विसाव्या दिवशी रेघ तळाला टेकली. एकविसाव्या दिवशी पहाटे सहाला ती एकदम वर उसळली. मग नऊला. मग साडेअकराला. दिवसाला आठ लाटा, भरगच्च, नुकत्याच अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईच्या असतात तशा.

मी पंप बंद केला.

आमचं काम काय ते इथं सांगायला हवं. एक देश दुसऱ्याकडे खटल्यासाठी माणूस मागतो. देणारा देश अटी घालतो: याच एका गुन्ह्यासाठी खटला चालवा, दुसरा आरोप मागाहून चिकटवू नका, उजेडाच्या खोलीत ठेवा, सहा महिन्यांत निकाल द्या नाहीतर माणूस परत करा. घेणारा देश हो म्हणतो. याला प्रत्यार्पणाचा करार म्हणतात. पण करार राहतो फायलीत आणि माणूस राहतो कोठडीत, आणि दोघांची पुन्हा गाठ पडेलच असं नाही. मधल्या काही वर्षांत इतक्या सरकारांनी इतकी वचनं गिळली, की न्यायालयांनी माणसं द्यायचंच थांबवलं. मग चौसष्ट देशांनी मिळून 'साक्षी' आणला.

साक्षी म्हणजे तांदळाएवढा दाणा. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. रक्तातली साखर, ताणाची संप्रेरकं, झोप, अंगावर पडणारा उजेड, असं सगळं तो मोजतो आणि कुलूपबंद करून आकाशातल्या उपग्रहाकडे फेकतो. किल्ली फक्त माणूस देणाऱ्या देशाकडे. दाण्याला स्मरण मुद्दामच दिलेलं नाही, कारण साठवलेली नोंद उकरून बदलता येते. जे घडतं ते त्याच क्षणी पाठवायचं आणि विसरायचं. नागपूरच्या आमच्या वचन कक्षात आम्ही वाचक ते वाचतो. वचन पाळलं जात असेल तर घरच्यांच्या फोनवर हिरवा दिवा. मोडलं तर लाल.

अडचण एकच होती. संदेश तुटायचा. वादळात, लिफ्टमध्ये, जाड भिंतीआड. तुटला की दिवा लाल, आणि दोन देशांचे राजदूत एकमेकांवर ओरडायला मोकळे. म्हणून सांधणी आली. दाणा बसवल्यावर माणसाला एकवीस दिवस इथंच ठेवतात, त्याला ओळखकाळ म्हणतात. त्या दिवसांत यंत्र त्या माणसाची चाल शिकतं. पुढे संदेश दोन तासांपर्यंत तुटला तर यंत्र त्याच्याच ओळखकाळातला तुकडा कापून भोकावर लावतं. गोधडीला त्याच लुगड्याचं ठिगळ लावावं, तसं.

दोन तास. त्याहून जास्त नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.

मी मंजिरीचा ओळखकाळ उघडला आणि आत्ताच्या आलेखाखाली ठेवला. मग तिसरा दिवस शोधला. तो दिवस मला तोंडपाठ होता.

मंजिरी रसायनशास्त्राची. सेलुंगातल्या एका पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला होती. त्या पाण्यानं नऊ माणसं दगावली, आणि पाणी चांगलं असल्याच्या दाखल्यावर सही तिची निघाली. ती म्हणायची, सहीच्या तारखेला मी बाळंतपणासाठी वर्ध्याला आले होते. न्यायालय म्हणालं, हेच तिथं जाऊन सिद्ध करा, आम्ही एकाच आरोपाची अट घातली आहे. ओळखकाळाच्या पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिचं झंपर भिजलेलं होतं. बाळ फाटकाबाहेर आजीच्या कडेवर रडत होतं, आणि ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

नियम असा की ओळखकाळात माणूस एकटा हवा. कोठडीत एकटाच असणार म्हणून. मी तेव्हा नुकतीच रजेवरून परतले होते, राही सात महिन्यांची. मी मागच्या दारानं बाळ आत आणलं. एकवीस दिवस. आणि रजिस्टरात लिहिलं: 'एकटी'.

"ताई, हा दाणा खोटं बोलणार नाही ना?" मंजिरीनं विचारलं होतं.

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी तर तुझ्यादेखत रजिस्टरात खोटं लिहिलंय."

ती हसली. पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी बाळाला, निनादला, साडेतीन महिन्यांची लस होती. मीच नेऊन आणलं. पठ्ठ्या दुपारी दोनला आईच्या अंगाशी जो चिकटला, तो पाचपर्यंत सुटेना. "आज हा मला सोलून खाणार," मंजिरी म्हणाली. आलेखात ती दुपार डोंगरासारखी दिसत होती, तीन तासांचं पठार असलेला डोंगर.

तोच डोंगर मला मागच्या पंचाहत्तर दिवसांत चार वेळा दिसला. दर एकवीस दिवसांनी. मिनिटाला मिनिट जुळलेला.

सेलुंगाच्या कोठडीत दर एकवीस दिवसांनी एका बाळाला लस टोचली जात होती, आणि ते बाळ काही केल्या साडेतीन महिन्यांपुढे वाढत नव्हतं.

*

कक्षप्रमुख धोटे सर शिक्क्याच्या गादीवर पाण्याचे थेंब टाकत होते. रोज सकाळचं त्यांचं हेच पहिलं काम. ठसा सुका उठलेला त्यांना खपत नाही.

"सर, सांधणीची मर्यादा किती?"

"दोन तास. परीक्षा घेतेस का बे माझी?"

"मंजिरी ढोकेला पंचाहत्तर दिवस झाले."

'काय?' असं त्यांनी विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

"दार लाव," ते म्हणाले. मी लावलं. "तुला कसं कळलं?"

"तिचं दूध आटलं होतं. तिकडच्या डॉक्टरनंही तसं लिहून पाठवलंय, पहिल्या महिन्यात. आणि मग ते परत आलं."

सर कपाळाला हात लावून थोडं हसलेच. "इंजिनियर, वकील, राजदूत, सगळे बसले होते त्या बैठकीत. एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"बाई होती का त्यात एक तरी?"

"होती. तिला मूल नव्हतं." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "तिकडनं कळवलं, कोठडी बदललीय, भिंती जाड आहेत, संदेश निघत नाही. वरून तोंडी आदेश आला. सांधत राहा."

"कुठवर?"

"सिरपवाला विमानातून उतरेपर्यंत."

सिरपवाला कोण हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्यातल्या खोकल्याच्या औषधानं एकवीस लेकरं गेली. तो पळाला तो सेलुंगात. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला ते त्याला आपल्या हवाली करणार होते. मंजिरीचा दिवा लाल झाला, की करार दोन्ही बाजूंनी थांबतो. कलमच तसं आहे.

"म्हणजे त्यांनी वचन मोडलं, आणि आपण ते झाकतोय."

"हो."

"ती आहे कुठं, सर?"

"ठाऊक नाही. लेकरांची शपथ, ठाऊक नाही. तिथं जुन्या मिठाच्या खाणी आहेत, जमिनीखाली. राजद्रोहाचे कैदी तिथं ठेवतात, असं ऐकून आहे."

"तिच्यावर राजद्रोहाचा आरोप नव्हता."

"म्हणून तर जाड भिंती."

सरांनी गादीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"तुला एक सांगतो, कक्षात कुणाला माहीत नाही. त्या एकविसांतला एक माझ्या धाकट्या बहिणीचा. अडीच वर्षांचा. तिनं स्वतःच्या हातानं चमचा भरला होता. तेव्हापासून ती चमच्यानं खात नाही, केतकी. वरणसुद्धा हातानं कालवते. आमटीत बोटं बुडवून खाते. तिला मी काय सांगू? विमान निघालं होतं, पण एका बाईचं दूध आटलं?"

मी टॅब्लेट त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"आणि हा आलेख तू दाखवणार कुणाला?" त्यांचा आवाज खाली आला. "पहिला प्रश्न काय येईल? ओळखकाळात बाळ कुठून आलं? रजिस्टरात सही कुणाची? साक्षीच्या ओळखीत फेरफार, सात वर्षं. तुझी लेक अकरा महिन्यांची."

"धमकी देताय, सर?"

"नाही गं. तू कुठं उभी आहेस ते दाखवतोय. मीही तिथंच उभा आहे."

*

दर शुक्रवारी संध्याकाळी मंजिरीच्या आईचा फोन येतो. शेवंताकाकू. तिकडून मंजिरीशी बोलणं तांत्रिक कारणानं दोन-अडीच महिने बंद होतं, त्यामुळे काकूंना मीच काय ती मंजिरी.

"दिवा हिरवाच हाय ना, बाई?"

राही माझ्या मांडीवर बसून माझ्या नाकात भात कोंबत होती. मी म्हटलं, "हिरवाच आहे, काकू."

"मंग ठीक. जेव तू. लेकराले दे."

फोन ठेवला आणि राहीला जरा जास्तच घट्ट धरलं असणार, कारण ती किंचाळली. पंकज, माझा नवरा, टॉवेल घेऊन आला. त्याला मी दुपारीच सगळं सांगितलं होतं.

"तू खोटं कुठं बोललीस?" तो म्हणाला. "दिवा हिरवाच आहे."

"पंकज."

"मी तुझ्या बाजूनं बोलतोय. तू आत गेलीस तर हिला काय सांगू? मी आणि आई हिला सांभाळू, तो प्रश्नच नाही. पण ही तुला ओळखेल का परत आल्यावर?"

सासूबाई दाण्याचा कूट करत होत्या. मिक्सर थांबवून म्हणाल्या, "तुमच्या हापिसात दिवे लावतात की विझवतात, एकदा नक्की सांग बाप्पा."

त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. तरी रात्रभर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं.

महिन्याच्या वाचनावरची सही मी नाकारू शकले असते. मग दुसऱ्या वाचकानं केली असती. आलेख वर्तमानपत्राला दिला असता, तर सेलुंगा म्हणाला असता, ओळखच भेसळीची आहे, भारतानं खोटा दाणा पाठवला. आणि ते खरंही होतं. मी दया केली होती, आणि त्या दयेनंच मला खरं दाखवलं होतं, आणि तीच दया ते खरं कुणाला सिद्ध करू देत नव्हती. जिकडे वळावं तिकडे भिंत, आणि प्रत्येक भिंतीवर माझीच सही.

*

रविवारी राहीला घेऊन वर्ध्याला गेले. का जातेय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

काकूंचं घर दोन खोल्यांचं, अंगणात कढीपत्ता. निनादला सतरंजीवर बसवून काकू त्याला नाचणीची पेज भरवत होत्या. राही रांगत गेली आणि सरळ त्याच्या वाटीत हात घातला. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की काय बाई ही पोरगी. आम्ही दोघी हसलो.

फळीवर देवांशेजारी काकूंचा फोन डब्याला टेकवून उभा होता. पडद्यावर हिरवा ठिपका. चार्जर कायमचा लावलेला.

"तो हिरवा दिसला का मी ताट वाढून घेतो," काकू म्हणाल्या. "नाही त घास उतरत नाही. हे पाह्य गंमत. निनाद, आई कुठी हाय?"

निनादनं चिकट बोट वर केलं आणि फोनकडे दाखवलं. "आ."

"आई कुठी हाय, राजा?"

"आ." पुन्हा तोच हिरवा ठिपका. आणि माझ्याकडे बघून हसला. खाली दोन दात आले होते.

मी उठून अंगणात गेले. कढीपत्त्याची पानं तोडत उभी राहिले, किती तोडली कोण जाणे. परत आत आले तेव्हा सांगायचं ठरलं होतं.

"काकू, दिवा खोटा आहे."

त्यांचा चमचा हवेतच थांबला. निनादनं तोंड उघडून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी तो आधी त्याला दिला. तोंड पुसलं.

"किती दिसांचा?"

"सत्त्याहत्तर."

"सत्त्याहत्तर दिस मी जेवलो," काकू म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. सांधणी, खाण, लस, बारा तारीख. सिरपवाल्याचं नाव निघालं तशा त्या एकदम म्हणाल्या, "त्या पोरांसाठी लई रडलो होतो मी. टीव्हीसमोर. मंजिरी म्हने, आई, बंद कर तो टीव्ही." त्यांनी वाटी बाजूला सारली. "त्यांच्या माया मले शिव्या देतीन."

"देतील. मलाही देतील."

"मंग काय करायचं म्हंतं तू?"

प्रशिक्षणात नववं कलम शिकवताना आमचे मास्तर म्हणाले होते, हे फक्त परीक्षेसाठी लक्षात ठेवा, आजवर कुणी वापरलं नाही. घरच्या माणसाला महिन्याच्या वाचनाला हजर राहायचा हक्क आहे, आणि तो कोरं वाचन मागू शकतो. म्हणजे सांधणी बाजूला करून दाणा जेवढं बोलला तेवढंच. ते झालं की निकाल यंत्र देतं, माणूस नाही, आणि तो चौसष्ट देशांना एकाच वेळी जातो. कुणी वापरलं नव्हतं, कारण असं काही असतं हे घरच्यांना कुणी सांगतच नाही.

"एक अर्ज लिहायचा, काकू. पण कोऱ्या वाचनात काहीच नाही निघालं तर…"

"त?"

"तर ती नसेलही."

काकूंनी फळीवरचा फोन उचलला आणि आडवा, पालथा ठेवला. निनाद कुरकुरला.

"मंग ते कळन," त्या म्हणाल्या. "कागद दे."

*

सोमवारी मंजिरीचं महिन्याचं वाचन होतं; सकाळी साडेदहाला काकू निनादला कडेवर घेऊन धोटे सरांसमोर बसल्या. इस्त्रीचं लुगडं, पायात निनादच्या बापाचे मोठाले बूट. तो जहाजावर असतो, त्याची चप्पल-बूट सगळं यांच्याच घरी. चपलेचा अंगठा तुटला म्हणाल्या.

सरांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. तो अर्ज फेटाळता येत नाही. अपुरा असेल तर मात्र परत करता येतो, आणि पुढलं वाचन महिन्यानं. बारा तारखेनंतर.

खोलीत पंख्याचा आवाज होता. निनाद शिक्क्याकडे हात लांबवत होता.

"काकू," सर म्हणाले, "तुम्ही तारीख टाकली नाही."

मी अर्जाकडे बघितलं. खरंच नव्हती. वर्ध्याला माझ्यासमोर लिहिलेला अर्ज, आणि मलाच दिसलं नव्हतं.

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि काकूंपुढे धरलं. "इथं टाका. आजची."

काकूंनी टाकली. सरांनी शिक्का उचलला, गादीवर दाबला, अर्जावर दाबला. ठसा ओला उठला.

"वाचक, ओळखकाळाची नोंद वाचून दाखवा," ते म्हणाले. ही नियमातली पद्धत. "माणूस एकटा होता की कुणासह?"

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, एकच शब्द. तो वाचला असता तर मी वाचले असते. पण खोट्या ओळखीवरचं कोरं वाचन सेलुंगानं एका दिवसात उडवलं असतं. दाणा तिचाच कशावरून, असं म्हणाले असते. नोंद खरी झाली की ओळख जुळते, मग बोट उरतं ते फक्त माझ्याकडे. आणि समोर निनाद बसला होता, त्या आठ लाटांचा मालक.

"बाळासह," मी म्हणाले. "नोंद चुकीची आहे. दुरुस्ती माझ्या सहीनं करते."

सरांचं पेन थांबलं. मग चालू झालं. "बाळासह," त्यांनी लिहिलं.

मी सांधणी बंद केली.

आठ लाटांचे डोंगर पडद्यावरून एकदम गेले. अठ्ठ्याहत्तर दिवसांचा नुसता पांढरा पट्टा राहिला. पांढऱ्याशुभ्र पट्ट्याकडे आम्ही तिघं बघत राहिलो. काकूंनी निनादचं डोकं आपल्या गळ्याशी दाबून धरलं.

मग मला ठिपके दिसले. इतके बारीक की आधी वाटलं पडद्यावर धूळ आहे. मी मोठं करून पाहिलं. चाळीस सेकंद. पुन्हा आठ दिवसांनी पन्नास. कुठलंतरी दार उघडत असावं, कुणी आठवड्याचा शिधा आत सरकवत असावं, आणि तेवढ्या फटीतून दाणा आपलं म्हणणं बाहेर फेकत असावा. असे अकरा ठिपके. प्रत्येकात उजेड शून्य. साखर खाली. ताण इतका वर की रेघ चौकटीबाहेर. शेवटचा ठिपका परवाचा, शनिवारचा.

मी त्यातला तो रकाना उघडला, जो कुणीच उघडत नाही.

"हे काय शून्य शून्य?" काकूंनी विचारलं. "गेली का, बाई?"

"नाही, काकू. आटलंय." मी त्यांचा हात धरला. "दूध आटलंय तिचं. ते जिवंत बाईचंच आटतं."

फळीवरून आणलेला फोन काकूंच्या पिशवीत होता. त्यातून लाल उजेड आला. त्याच क्षणी सरांच्या टेबलावरचा फोन वाजला, मग बाहेरचा, मग कक्षातले सगळेच. दचकून निनाद रडायला लागला. चांगला भोकाड पसरून.

अकरा वाजले होते. माझा कुडता भिजला.

कुणाला काही न विचारता मी त्याला काकूंच्या कडेवरून घेतलं, कागदाच्या रिमांच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. खुर्चीत बसून त्याला जवळ घेतलं. त्यानं तोंड लावलं नाही. नाक घासलं, जरा हुंगलं, मान फिरवली. तो विसरला होता. मग माझ्या गळ्याच्या हाडाशी मूठ धरून पडून राहिला, हुंदके देत देत शांत झाला. त्याच्या मुठीखाली, मंजिरीला जिथं दाणा आहे, तिथं माझं हृदय ठोकत होतं.

बाहेर पावलांचा आवाज वाढला. कुणीतरी माझं नाव घेतलं. ओळखीचा आवाज नव्हता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, दाराला अगदी लागून, आणि कुणीतरी तिच्यावर जड बसलं.

"वाचकबाई आत आहेत," धोटे सर कुणाला तरी सांगत होते. "अकरा ते अकरा-वीस ती खोली त्यांची असते. थांबावं लागेल."

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून सहा मिनिटं. निनादच्या पापण्या मिटत आल्या होत्या.